चार वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही
आठवीच्या इंग्रजीच्या वर्गातलं एक प्रकरण

पोस्टर देखणं होतं, हे आधीच सांगून टाकते. पिवळट कागद, जुन्या जाहिरातींसारखी वळणदार अक्षरं, मधोमध धूर सोडणारं इंजिन. वर इंग्रजीत मथळा: पूर्वेकडच्या प्रवासासाठी खास सवलत! त्याखाली, चार वर्षांखालची मुलं फुकट! दहा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट! चारशे किंवा जास्त जणांच्या गटाला निम्मं भाडं! मुलानं पोस्टर फळ्याला लावलं आणि रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिली दोन बाकं हसली, मग मागची. खोटं कशाला बोलू, त्याची फेक इतकी अचूक होती की अर्धा क्षण माझ्याही ओठांवर हसू आलं. मग इंजिनामागच्या डब्यांकडे लक्ष गेलं. त्यानं एकाही डब्याला खिडकी काढली नव्हती.

हसू विरलं, पण वर्गात एकदम नाही. कुणाला आधी कळलं, कुणाला उशिरा. मागच्या बाकावरची एक-दोन मुलं तर शेजारचा गप्प का झाला हे विचारत होती.

त्या दिवशी तास संपताना नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या घेतल्या. आज काय शिकलात, काय खटकलं, नाव न घालता दोन ओळी. एका चिठ्ठीत होतं: "मी पण हसले. नंतर मला माझाच राग आला." दुसरीत: "आयरनी म्हणजे असंच ना? मग सगळे गप्प का झाले?" हे प्रकरण लिहून काढायचं कारण ही दुसरी चिठ्ठी. तिला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मांडणी कशी होती

वर्गात छत्तीस मुलं, वय तेरा-चौदा. अभ्यासक्रमात आयरनी, म्हणजे वर दिसतं एक आणि असतं त्याच्या उलटं, हा घटक होता आणि त्याच सत्रात संशोधन प्रकल्पही घ्यायचा होता. मी दोन्ही जोडले. सहा आठवडे, सहा-सहा जणांचे गट, विषय होलोकॉस्ट, म्हणजे नाझी जर्मनीनं केलेला ज्यूंचा संहार. प्रत्येक गटानं एक घटना, वस्तू किंवा व्यक्ती निवडायची, तिची माहिती खात्रीच्या ठिकाणांहून काढायची आणि त्यात दिसणाऱ्या आयरनीवर लिहायचं. वीस गुण. त्यातले पाच 'स्वतःच्या लेखनात आयरनीचा वापर' या रकान्याला.

चूक त्या पाच गुणांत होती, पण ती मला दिसली पोस्टर लागल्यावर. एखाद्या हुशार मुलाला तुम्ही सांगितलंत की हा विषय घे आणि आयरनी करून दाखव, तर तो ती करून दाखवणारच. त्यानं माझं ऐकलं होतं.

दुसरी अडचण शब्दाची. शब्दकोश आयरनीला 'उपरोध' देतो, आणि मीही पहिल्या तासाला फळ्यावर तेच लिहिलं होतं. पण उपरोध म्हटलं की मुलांना टोमणा ऐकू येतो. उशिरा आलेल्याला "लवकर आलास की!" म्हणणं, ते. हे आयरनीच्या तीन प्रकारांपैकी एकालाच लागू पडतं. परिस्थितीतून जे उलटं घडतं त्याला आपण दैवदुर्विलास म्हणतो. आणि पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असतं तेव्हा होणाऱ्या घालमेलीला मराठीत रोजच्या वापरातला शब्दच नाही. 'नाट्यगत विडंबना' म्हणावं तर मुलं विडंबन म्हणजे नक्कल समजतात. मी एकच शब्द दिला आणि तो सगळ्यांत बोचरा दिला. त्यामुळे छत्तीसच्या छत्तीस जण होलोकॉस्टमध्ये टोमणे शोधत फिरत होते.

स्टाफरूममध्ये

मतं दोन टोकांची पडली. एक म्हणाले, गुण कापा आणि घरी चिठ्ठी पाठवा. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, पोस्टर फ्रेम करा, मोठ्यांना असं सुचत नाही. आणखी एक सूचना आली, ती मी लगेच नाकारली: नाझी ज्यूंना सक्तीनं लावायला लावत तसा पिवळा तारा मुलांना एक दिवस लावायला देऊ, मग त्यांना आपोआप कळेल. काही कळत नाही. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना दिलेल्या मार्गदर्शनात अशा सोंगांपासून दूर राहायला सांगतं. माझं कारण त्याहून साधं आहे. तारा लावलेलं मूल चार वाजता तो काढून घरी जातं आणि आपल्याला आता सगळं समजलं असं त्याला वाटू लागतं.

कामाचं बोलले इतिहासाचे सर, तेही चहाचा कप धुता धुता. "तुम्ही त्यांना आयरनी आधी दिलीत, तारखा नंतर. तारखांशिवाय कळणार कसं, कुणाला काय ठाऊक होतं?"

एवढंच. बाकी सगळं काम या वाक्यावर झालं.

तारखांचा रकाना

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा 'उपरोध' पुसला आणि दोन प्रश्न लिहिले. त्या क्षणी हे कुणाला ठाऊक होतं? टोला कुणाला बसतो? मग सगळ्यांनी मिळून एक उदाहरण सोडवलं, मुद्दाम ओळखीचं.

अ‍ॅन फ्रँक ही नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ज्यू मुलगी, १२ जून १९२९ ला जन्मली. ६ जुलै १९४२ ला तिचं कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती, म्हणजे माझ्या वर्गाएवढी. ६ जून १९४४ ला दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. ती बातमी ऐकून तिनं डायरीत लिहिलं की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कदाचित शाळेत परत जाता येईल. एवढं सांगून मी पुढच्या तारखा एकेक करून मुलांकडूनच भरून घेतल्या. ४ ऑगस्ट १९४४, अटक. ३ सप्टेंबर १९४४, वेस्टरबॉर्क छावणीतून ऑश्विट्झच्या मृत्युछावणीला गाडी. तिथून ऑश्विट्झकडे गेलेली ती शेवटचीच. सप्टेंबर हा शब्द दुसऱ्यांदा फळ्यावर आला तेव्हा वर्गात खडूचा आवाज तेवढा होता.

"आता सांगा, टोमणा कुणी मारला?"

कुणीच नाही. तिनं जे लिहिलं ते मनापासून लिहिलं. तिला पुढचं ठाऊक नव्हतं आणि आपल्याला आहे, आयरनी या दोघांमधल्या अंतरात आहे. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे आयरनी आपल्यात आहे, तिच्यात नाही?" इतक्या वर्षांत मला ही व्याख्या इतकी नेटकी करता आली नव्हती. मी ती तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली.

त्यानंतर प्रत्येक गटाला वर्कशीटवर तीन रकाने आखायला लावले: तारीख, तेव्हा कुणाला काय माहीत होतं, कुणाला नव्हतं. त्यांचं निम्मं लेखन या रकान्यांनी मोडलं. बरं झालं.

गोल गोष्टींचा मोह

'सेंट लुई' जहाजाच्या गटाचं पहिलं टिपण असं होतं: ९३७ प्रवासी, बहुतेक ज्यू निर्वासित, हॅम्बुर्गहून क्युबाला निघाले, त्यांना कुणी घेतलं नाही, जहाज जर्मनीला परत गेलं आणि सगळे मारले गेले. ऐकायला नीट बसतं. पण तारखा भरायला घेतल्यावर गोष्ट बदलली. जहाज १३ मे १९३९ ला निघालं आणि २७ मे रोजी हवानाला पोहोचलं. २८ जणांना उतरू दिलं. मग ते फ्लोरिडाच्या इतक्या जवळून गेलं की प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते. परत फिरलं ते जर्मनीला नाही, बेल्जियममधल्या अँटवर्पला. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. ब्रिटननं २८८ जणांना घेतलं. बाकीच्या तीन देशांवर वर्षभराच्या आत, मे १९४० मध्ये, जर्मन फौजा चालून आल्या. तिथे उतरलेल्यांपैकी २५४ जण होलोकॉस्टमध्ये मेले.

गटातला एक जण हिरमुसला. "मॅडम, आधीचं जास्त आयरॉनिक होतं."

होतंच. आयरनीला गोल गोष्ट आवडते आणि ती गोल करण्यासाठी हात नकळत आकडे वळवतो. मी त्याला एवढंच विचारलं की जून १९३९ मध्ये अँटवर्पला उतरताना प्रवाशांना काय वाटलं असेल? तो म्हणाला, सुटलो. मग आपण होऊनच त्यानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'मे १९४०'. आधीच्या गोल गोष्टीत हे 'सुटलो' कुठेच नव्हतं.

फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या गटाचं थोडक्यात सांगते. 'ज्यू शास्त्रज्ञानं स्वतःच्या लोकांना मारणारा वायू शोधला' हे त्यांचं शीर्षक. ज्या कीटकनाशकापासून झायक्लॉन बी हा विषारी वायू आला, त्यावर त्याच्या संस्थेत काम झालं हे खरं. पण ते विसाच्या दशकाच्या सुरुवातीला. हाबर १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला आणि १९३४ मध्ये वारला. ऑश्विट्झमध्ये माणसांवर तो वायू १९४१ मध्ये वापरला गेला. शीर्षक बदलावं लागलं. नवं शीर्षक कंटाळवाणं होतं आणि बरोबर होतं.

हसणारी मुलं

सगळ्यात कठीण गेला तो तेरेझीनचा गट. त्यांना एक जुनी चित्रफीत सापडली होती: फुटबॉलचा सामना, पाव खाणारी मुलं, बागेत पाणी घालणाऱ्या बायका. गटानं लिहिलं होतं, "काही छावण्यांत परिस्थिती बरी होती." हा त्यांचा आळस म्हणता येत नाही. प्राथमिक साधन पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असं मीच सांगितलं होतं.

प्राथमिक साधनही खोटं बोलतं, हे तेरा वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? आम्ही पुन्हा तारखांकडे गेलो.

तेरेझीन, जर्मन नाव थेरेसियनश्टाट, हे प्रागच्या उत्तरेला असलेलं तटबंदीचं गाव. नाझींनी तिथे ज्यूंना कोंडलं. जर्मनीतल्या म्हाताऱ्या ज्यूंना तर तिथे निवास आणि देखभाल मिळेल असे करार करून, त्यांचे पैसे घेऊन पाठवलं. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसचा स्विस प्रतिनिधी आणि दोन डॅनिश अधिकारी पाहणीला आले. त्याआधी घरांना रंग दिला, गुलाब लावले, खोटी दुकानं मांडली, पाहुणे कुठून जाणार तो रस्ता आधीच ठरवला. आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे ७,५०० जणांना ऑश्विट्झला पाठवलं. पाहुणे पाहून गेले. स्विस प्रतिनिधीचा अहवाल अनुकूल होता. डाव जमला म्हणून त्याच उन्हाळ्यात ती चित्रफीत काढली. दिग्दर्शनाचं काम कैदी असलेल्या कुर्ट गेरॉन या नामवंत नटाला करायला लावलं. चित्रीकरण उरकल्यावर ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यालाही ऑश्विट्झला धाडलं आणि मारलं.

मुलांनी फीत पुन्हा लावली, आवाज बंद करून. या वेळी तीन रकाने समोर होते. चित्रफितीतल्या माणसांना काय ठाऊक होतं? आपण दाखवायला उभे आहोत, हे. पाहणाऱ्याला? काही नाही. फुटबॉल बघणाऱ्या गर्दीतल्या एका मुलाच्या चेहऱ्यावर एका मुलीनं फीत थांबवली. "हा खरंच हसतोय," ती म्हणाली. असेल. सामना खराच चालला होता. तेरा वर्षांचं मूल गोल झाल्यावर हसेल.

मग याच गटाला ब्रुंडिबार सापडला. हान्स क्रासानं १९३८ मध्ये रचलेला मुलांचा ऑपेरा. दुष्ट बाजेवाल्याला मुलं आणि प्राणी मिळून हरवतात. तेरेझीनमध्ये तो ५५ वेळा झाला, रेड क्रॉसच्या पाहुण्यांनाही दाखवला. मिशीवाला बाजेवाला म्हणजे कोण, हे बघणाऱ्या कैद्यांना कळत होतं. गाणारी मुलं मात्र बदलत राहायची, कारण दर गाडीबरोबर त्यातली काही जायची. 'टोला कुणाला बसतो' या प्रश्नाला पहिल्यांदा सरळ उत्तर मिळालं. खाली बसलेल्या कैद्यांना ठाऊक होतं, वर बसलेल्या नाझींना नव्हतं किंवा त्यांना पर्वा नव्हती. उपरोध हा शब्द मी तेव्हा फळ्यावर परत लिहिला. आता तो त्याच्या जागी होता.

बुखेनवाल्ड छावणीच्या फाटकाची चर्चाही इथेच निघाली. त्यावर 'ज्याला त्याला त्याचं' या अर्थाचं जुनं रोमन वचन जर्मनमध्ये आहे आणि अक्षरं आतून सुलटी वाचता येतात. म्हणजे वाचक कोण, ते उघड आहे. ती अक्षरं घडवली फ्रान्झ एर्लिख या कैद्यानं, बाउहाउस या आधुनिक कलाशाळेत शिकलेल्या. नाझींना न चालणाऱ्या त्याच शैलीच्या वळणानं घडवली आणि पहारेकऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. एक मुलगा उडालाच. "म्हणजे शब्द त्यांचे आणि अक्षर याचं!"

एक गोष्ट माझ्याकडून राहिली, तीही नोंदवते. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीनं घरी एकटीनं फोनवर शोध घेतला आणि मृतदेहांचे फोटो तिच्यासमोर आले. दोन रात्री झोपली नाही. तिच्या आईचा फोन आला, त्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. त्यानंतर शोधाची ठिकाणं मी ठरवून दिली: वॉशिंग्टनचं संग्रहालय, जेरुसलेमचं याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक, प्रागचं ज्यू संग्रहालय. मुलांनी काढलेल्या सुमारे ४,५०० चित्रांचा तेरेझीनचा साठा प्रागला आहे. त्या मुलीनं पुढचे तीन आठवडे फक्त ती चित्रं पाहिली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

परत पोस्टरकडे

पोस्टर मी फेकलं नव्हतं. कपाटात ठेवलं होतं. पाचव्या आठवड्यात त्या मुलाला बोलावलं आणि समोर ठेवलं.

"यात चूक काय आहे मॅडम? सगळं खरं आहे."

खरंच होतं. मी तपासलं होतं. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या या गाड्यांचं जर्मन रेल्वे तिसऱ्या वर्गाचं भाडं लावत असे. दहाखालच्यांना अर्धं, चारखालच्यांना काही नाही, चारशे किंवा जास्त माणसं असली तर गटाची सवलत. सुट्टीतल्या सहलींची तिकिटं ज्या प्रवास कचेरीतून निघत, तिच्यातूनच या गाड्यांचे हिशेब होत.

मी त्याला दोन प्रश्न विचारायला लावले, स्वतःच्याच पोस्टरला. टोला कुणाला बसतो? तो म्हणाला, रेल्वेच्या कारकुनाला. मग वर्ग कुणाला हसला? तो बराच वेळ बोलला नाही. मग बोट ठेवत गेला, 'फुकट' वर, 'खास सवलत' वर, 'प्रवास' वर. "ही उद्गारचिन्हं माझी आहेत," शेवटी म्हणाला. "त्यांच्यात नव्हती."

मी काही सुचवलं नाही. सुचवलं असतं तर ते माझं झालं असतं.

सहाव्या आठवड्यात त्यानं नवा कागद आणला. चित्र नाही, रंग नाही, टाइप केलेला तक्ता. डावीकडे प्रवाशाचा प्रकार, उजवीकडे भाडं. प्रौढ, तिसरा वर्ग, एकेरी. दहा वर्षांखालचे, निम्मं, एकेरी. चार वर्षांखालचे, भाडं नाही. चारशे किंवा जास्त, गटाची सवलत, एकेरी. शेवटची ओळ त्यानं या पंधरवड्यात शोधून काढली होती: सोबतचे पहारेकरी, जाऊन-येऊन.

वाचून दाखवशील का, विचारलं तर नको म्हणाला. कागद बाकांवरून हातोहात फिरला. एकेका बाकाशी थांबत होता, बहुतेक शेवटच्या ओळीपाशी. मागच्या बाकावर पोहोचायला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत मी काहीच शिकवलं नाही.

गुणपत्रकात 'स्वतःच्या लेखनात आयरनीचा वापर' हा पाच गुणांचा रकाना अजून होता. सत्राच्या मध्येच तो बदलता येत नव्हता. त्या तक्त्यात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. मी पाच दिले. पर्यवेक्षकांनी कारण विचारलं, तेव्हा दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले.